उंबऱ्याबाहेरचा पट्टा

माझा भाऊ रवळू जेवायला बसला की त्याच्याखालचा पाट दिसायचा न्हाय, एवढी दांडगी मांडी. उचगावच्या तालमीत कमावलेली. घरातलं दूध-तूप आम्ही त्याला घातलं आणि त्यानं बी त्याचं चीज केलं. जत्रेत त्याची कुस्ती लागली की आमची आई देव पाण्यात घालून बसायची. त्याचा मान, त्याचं पोट, सगळं त्या मांडीवर. ती कशी गेली ते सांगते. मधी कुणी बोलू नका, मला रडू येतंय नि राग बी येतोय.

मला निपाणीला दिलेली. तिथं तंबाखूचे व्यापारी नेमगोंडा आप्पा, जैनाचं घर, मी त्यांच्याकडं दळणकांडण करायची. इंग्रजांची लढाई चालली होती. रस्त्यात व्यापाऱ्यांना अडवून लुटायचे प्रकार लई वाढले होते. आप्पांनी परवाना काढून एक विलायती पिस्तूल घेतलं, तळहातात मावंल एवढं. आणि ते बाळगायला ठेवला कुणाला, तर आमच्या रवळूला! का, तर अंगापिंडानं मोठा. त्याचं बी नाव परवान्यावर घातलं, एका शिकाऱ्यानं रानात नेऊन दोन बार काढून दाखवले, झालं शिक्षण. आप्पांनी बजावलं, "रवळू, वखारीत काय नि घरात काय, माझी पाठ सोडायची न्हाय. पिस्तूल भरलेलं पाहिजे आणि अंगावरनं उतरायचं न्हाय. जेवताना बी न्हाय."

"व्हय आप्पा," म्हणाला. त्याला न्हाय म्हणायला कधी आलंच न्हाय.

पिस्तुलासंगं चामड्याचा पट्टा आणि त्याला अडकवायचं चामड्याचं पाकीट आलतं. नवं कोरं, लाकडासारखं कडक. पट्टा पाटलोणीवर बांधायचा, आणि आमचा गडी धोतरवाला! कमरंला आवळला की निऱ्या खाली ओघळायच्या. मग एका हातानं आप्पांची पिशवी, एका हातानं धोतर, पिस्तूल धरायचं कुणी? फुडं बांधलं तर बसताना पोटात घुसायचं. मागं बांधलं तर टांग्यात टेकता यायचं न्हाय. काखंत बांधून बघितलं, तर घामानं कातडी सोलून निघाली. शेवटी उजव्या बाजूला मांडीवर आलं तसं ठेवलं. तिथं बी टोचायचंच, पण निदान चालता तरी यायचं. माझ्याकडं येऊन मांडीला खोबरेल लावायचा आणि त्या पट्ट्याला शिव्या घालायचा. मी हसायची. म्हणायची, "एवढ्या पैलवानांना लोळवलंस आणि एक पट्टा तुला लोळवतोय व्हय रं?"

त्यातनं आप्पांच्या आईनं तो पट्टा बघितला. तिला सगळी आव्वा म्हणायची. सोवळ्याची, कडक. तिच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. चपला बाहेर, आप्पांचं पैशाचं पाकीट बी बाहेरच्या कोनाड्यात. ती रवळूला म्हणाली, "बाळा, जीव मारून काढलेलं ते. माझ्या स्वैपाकघरात नको." वाईट न्हवती हो म्हातारी. रवळूच्या पानात तूप वाढताना तिचा हात कधी आखडला न्हाय. पण आप्पा म्हणतोय अंगावरनं काढू नको आणि आव्वा म्हणतीया आत आणू नको. आता ह्यानं करायचं काय?

मी आप्पांना इचारलं. वखारीत चाळीस माणसांवर वरडणारा माणूस, आईचं नाव काढल्यावर खाली बघाय लागला. म्हणाला, "आक्काताई, आव्वाला कोण सांगणार? तुम्हीच काय तरी वाट काढा."

वाट काढली रवळूच्या बायकोनं. नागुबाई शापूरच्या इणकराची लेक. माहेरचं जाड लुगडं फाडून, चार पदरी करून तिनं पिस्तुलाला पिशवी शिवली, काठ वरच्या अंगाला घेतला आणि वर कमरंला बांधायची नाडी लावली. अशी मऊ, की हातात घेऊन सोडू वाटंना. रवळू ती पोटाशी बांधून आमच्या अंगणात बसला, उठला, पुन्हा मांडी घालून बसला. एवढा आनंद त्याला कुस्ती मारल्यावर बी झाला न्हवता. "आक्का, अंगावर काय हाय असं वाटतच न्हाय गं!" आव्वानं काठ चाचपून बघितला, "बेस शिवलीया," म्हणाली. आप्पांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चामड्याचा पट्टा ओसरीवरच्या खुंटीला गेला. सगळ्यांचं समाधान झालं बघा, एकाचंबी मन मोडलं न्हाय.

त्या दिवशी मी जात्यावर होते. आव्वाचं जेवण दिवस मावळायच्या आत, तशी पानं मांडलेली. रवळू आला, पाय धुतले, पाटावर मांडी घालून बसला. आव्वा तुपाची वाटी घेऊन वाकली आणि बार उडाला.

मला वाटलं भांडं पडलं. बघते तर रवळू तसाच बसलेला, तोंडात घास, आणि पाटावरनं रगत वाहतंय. बसताना त्या मऊ कापडाची चुणी आत गेली आणि चापावर दाब आला, असं मागनं डाक्टर म्हणाला. कडक चामड्यात ते झालं नसतं, असंबी म्हणाला. मेल्या, हे आम्हाला आधी कोण सांगणार होतं?

गोळी मांडीत घुसलेली; मी पदर फाडून दाबला, कापड भिजून गेलं. "काय तरी घट्ट बांधा गं!" मी वरडले. तेव्हा ती आव्वा, ती सत्तरीची म्हातारी, पळत ओसरीवर गेली, खुंटीवरचा चामड्याचा पट्टा काढला, उंबरा वलांडून आत आणला, आणि रवळूच्या मांडीवर गुडघा टेकून स्वतःच्या हातानं आवळला. तोंडानं नवकार म्हणत होती. पट्टा घट्ट बसला, रगत थांबलं.

जीव वाचला. पाय न्हाय वाचला. मोटारीतनं बेळगावला नेला, तिथं दोन-चार दिसांत पाय काळा पडला आणि मांडीपासनं काढावा लागला.

आव्वा मागनं उचगावला आली. रवळूजवळ बसून रडली, "माझ्या सोवळ्यानं तुझा पाय खाल्ला रं बाळा." रवळू म्हणाला, "न्हाय आव्वा, मलाच ते टोचत होतं." नागुबाई आतनं म्हणाली, "शिवली तर मीच की." आणि मला त्या तिघांचा बी राग आला. कुणाला धरून मारू? चांगली माणसं सगळी. शिव्या घालायला एक जरी वाईट माणूस असता तर बरं वाटलं असतं.

मग नागुबाईनं पानं मांडली. मी काखंत हात घालून रवळूला बसवला. आव्वानं त्याच्या पानात तूप वाढलं, लई वाढलं, आणि आम्ही सगळी दुसरीकडं बघत बसलो. रवळू बसला तरी आता अर्धा पाट दिसतोय.