भासऱ्यांसमोर बोलायचं होतं

दर शनिवारी गावातलं कोणीतरी शाळेत मुलांना काही शिकवतं. यावेळी लेकीनं मास्तरांना माझं नाव सांगितलं. तुरीचं बियाणं राखेत कसं ठेवायचं, ते मी सांगायचं होतं. पण शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. ते समोरच बसले होते. त्यांच्यासमोर मी कधी बोललेली नाही. मी पदर पुढे ओढून फळ्याकडे तोंड केलं. मुलं हसू लागली आणि लेकीनं मान खाली घातली.

भासरे उठले. "मास्तर, मी बाहीर बसतो. मी इथं राह्यलो त बाई काही बोलाची नाही."

ते रागावले की काय, मला कळेना. दबक्या आवाजात मी सुरुवात केली.

खिडकीबाहेरून ते म्हणाले, "मास्तर, बाईले मोठ्यानं बोलाले सांगा. इथं आयकू येऊन नाही राह्यलं."