नोराआजीचं पहिलं ‘नको’

माझं ज्या माणसाशी भांडण आहे, तो मरून शंभराहून जास्त वर्षं झाली. त्यामुळे माफीची अपेक्षा मी सोडली आहे.

हा इंग्रज साहेब व्हिक्टोरिया राणीच्या काळात घोडागाडीतून आयर्लंडभर हिंडला, पावसात भिजला आणि घरी जाऊन आयरिश लोक कसे असतात यावर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं. ते मला आमच्या गल्लीतल्या एका गराज सेलमध्ये, कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानात मिळालं. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात आणलं. (त्यासाठी दोनदा रागारागाने गाडीपर्यंत जाऊन परत यावं लागलं.) शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर तीस वर्षं किराणा दुकान चालवतेय मी, तेही कऱ्हाडहून एका बॅगेनिशी येऊन. मला कुणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता.

पुस्तक घ्यायला कारण होतं. माझी लेक मुक्ता आणि तिचा डेक्लन लग्न करायचं म्हणत होते. डेक्लनला त्याच्या आजीने वाढवलेलं. ही नोराआजी एकोणिसाव्या वर्षी आयर्लंडमधल्या खेड्यातून इथे आली. ती रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होती.

“आई, आजीला आपण आवडलो नाही, तर डेक्लन पुढे जाणार नाही,” मुक्ता म्हणाली. “सो प्लीज, फक्त नॉर्मल वाग.”

मी आठवडाभर पुस्तक वाचलं. आमचे हे म्हणाले, “अगं, त्यातले लोक कधीच गेले. ही बाई बसने बिंगो खेळायला जाते.” यांना अभ्यासाचं महत्त्व कधी कळलंच नाही.

साहेबाच्या मते आयरिश माणूस बटाट्यावर जगतो. म्हणून बटाटेवडे, रस्सा, काचऱ्या, भरीत, शिवाय पापडही बटाट्याचेच. साहेबाच्या मते आयरिश घरात दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या वड्या जाळतात आणि त्या धुराशिवाय तिथल्या माणसाला घर घरासारखं वाटत नाही. मातीच्या वड्या कुठून आणायच्या? पण दुकानात होमासाठीच्या गोवऱ्या होत्या. चार आणल्या आणि आमच्या कधीही न पेटलेल्या फायरप्लेसमध्ये लावल्या. धुराड्याला झडप असते आणि ती आधी उघडायची असते, हे साहेबाने लिहिलं नव्हतं.

नोराआजी दारात आली तेव्हा धुराचा अलार्म कोकलत होता, हे स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होते आणि मुक्ता सगळ्या खिडक्या उघडत “ओ माय गॉड, आई” एवढंच म्हणत होती. नोराआजी धुरात उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. मी मनात साहेबाला पहिली शिवी दिली.

पण खरा घात पुढेच झाला. साहेबाने बजावून लिहिलं होतं की आयरिश माणूस फार मानी. तो नको म्हणाला तर पुन्हा विचारू नये, त्याला अपमान वाटतो. नोराआजीने एक वडा खाल्ला. मी दुसरा पुढे केला. “नको, पुरे,” ती म्हणाली. मी ताट मागे घेतलं. सवयीने माझा उजवा हात पुन्हा वड्यांकडे निघाला, तो मी डाव्या हाताने धरून ठेवला. रस्सा? नको. भात? नको. शेवटी चहा आणला. “नको, कशाला त्रास,” ती म्हणाली. मी भरलेला कप परत स्वयंपाकघरात नेला आणि कऱ्हाडची आठवण येऊन गहिवरले. माझी आई पाहुण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर बोटांच्या फटीतून वाढायची.

संध्याकाळी मुक्ताचा फोन. “आई, आजी घरी जाऊन ब्रेड खात होती. शी थिंक्स, ती आलेली तुला नको होती.”

दुसऱ्या दिवशी दुकान यांच्यावर सोपवून मी नोराआजीच्या दारात. तिने थंडपणे आत घेतलं आणि चहा घेणार का, विचारलं.

“नको, आत्ताच घेतला.” (घेतला नव्हता.)

“थोडासा.”

“नको, खरंच.”

“अर्धा कप तरी.”

“बरं, अर्धा.”

तिने कप काठोकाठ भरला आणि किटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“म्हणजे तुला येतं की हे सगळं,” ती म्हणाली. “मग काल काय झालं होतं?”

मी साहेबाचं सगळं सांगितलं. नोराआजी इतकी हसली की तिला किटली खाली ठेवावी लागली. “त्याने एकेकदाच विचारलं असणार,” ती म्हणाली. “उपाशीच हिंडला असेल बिचारा.”

मग तिने हळूच विचारलं, काल जाळलं ते काय होतं? मी सांगितलं. म्हटलं, आमच्या घरी न्हाणीतला बंब गोवऱ्यांवर तापायचा, शाळेत जाताना केसांना तोच वास असायचा. ती म्हणाली, तिच्याही केसांना, त्या मातीच्या वड्यांचा. तिच्या आईच्या चुलीचा वास साठेक वर्षांनी काल माझ्या दारात आला, म्हणून डोळे भरले.

लग्न जूनमध्ये आहे. निघताना मी नोराआजीला दुकानातून गोवऱ्यांचं पाकीट आणून देते म्हटलं. ती दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा तिने दोन मागितली.

मात्र साहेबावरचा राग जात नाही. तीस वर्षं गिऱ्हाइकाचं पहिलं ‘नको’ मी खरं मानलं नाही, म्हणून तर दुकान चाललं. आणि त्याच्या नादाने मी घरी आलेल्या म्हातारीला उपाशी पाठवलं! पुस्तक परत करावं, असंही मनात आलं. पण हिशेब केला. धुराचं त्याचं खरं निघालं, ‘नको’चं खोटं. म्हणजे निम्मं पुस्तक बरोबर होतं, आणि पैसेही मी निम्मेच दिले होते.