एका जवानाच्या चार आया

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता पुसट होत चाललेत, पण मोताळ्याकडच्या एका ठाण्यात आलेलं ते रजिस्टर आठवलं की अजून हसू येतं. मी तिथे ठाणेदार होतो.

हद्दीत नवीन थीम पार्क झालं होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, दारात मान हलवणारा डायनासोर. फौजी आणि पोलिसांना, तसंच त्यांच्यासोबत आलेल्या आई-वडील, बायको-मुलांना निम्म्या दरात तिकीट. ओळखपत्र दाखवायचं आणि रजिस्टरात नातं लिहायचं. उन्हाळ्यात एका सकाळी मॅनेजर ते रजिस्टर बगलेत मारून आला. एकाच जवानाने चार दिवसांत चार वेगवेगळ्या म्हाताऱ्या आणल्या होत्या आणि चौघींपुढे 'आई' लिहिलं होतं. हा तोतया फौजी आहे, असं मॅनेजरचं म्हणणं. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली, जवानाला बोलावून घेतलं आणि हवालदाराला त्याच्या गावी चौकशीला पाठवलं.

पोरगा काटक होता, ताठ उभा राहिला. कार्ड खरं दिसत होतं, पण खरी दिसणारी खोटी कार्डं मी बरीच पाहिली होती. युनिटला फोन लावतो म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"युनिटले नका कळवू साहेब. उद्या सकाळची गाडी हाय माही. चौकशी लागली तं नोकरीले डाग लागन."

माझा संशय उलट वाढला. फोन करण्याआधी हवालदाराची वाट पाहावी म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवलं.

तेवढ्यात त्या चौघी ऑटो करून ठाण्यात हजर. बोलावलं कुणीच नव्हतं. महिला कॉन्स्टेबलसमोर एकेकीला वेगळं विचारलं. पोरगा लहानपणी कुठून पडला, कोणती भाजी खात नाही, फौजेत गेला तेव्हा कोण रडलं. चारही जबाब तंतोतंत जुळले. जबाब इतके जुळले की पोलीस सावध होतो, कारण खऱ्या माणसांचं कुठेतरी थोडं चुकतंच. सर्वांत थोरलीने तर मलाच दटावलं.

"मीच त्याची आई हाय, लिहून घ्या. अन् पोराले सोडा आता, त्याची पेटी भराची हाय."

उरलेल्या तिघींनीही हेच लिहून दिलं. मी डोक्याला हात लावला.

दुपार कलल्यावर हवालदार परतला तो हसतच. पोलीस पाटलाने खात्री दिली होती की जवान शंभर टक्के खरा आहे. मात्र त्याची जन्मदाती आई पाचवीच होती आणि ती पार्कात एकदाही गेली नव्हती. हवालदाराने तिला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं. काठी टेकत ती आत आली आणि सगळा उलगडा झाला. मागच्या पेरणीत पडून तिचा पाय मोडला, लेकाला रजा मिळाली नाही. या चार शेजारणींनी पाळी लावून तिचा दवाखाना, डबा आणि तिच्या रानातली पेरणीसुद्धा निभावली. त्याची फेड म्हणून लेकाने रोज एकीला फिरवून आणलं.

मग तुम्ही का नाही गेलात, मी विचारलं.

"मी गेली असती तं ह्याइच्या बकऱ्या कोनं पाह्यल्या असत्या? आधी ह्याइले पाहू दे म्हटलं. आज माही पाळी होती."

मी घड्याळाकडे पाहिलं. पार्क बंद व्हायची वेळ झाली होती. तिचा दिवस माझ्या ठाण्यात गेला होता, आणि मला मनापासून लाज वाटली.

जवानाने चूक कबूल केली, फरकाची रक्कम भरली. मॅनेजर भला माणूस, त्याने अर्ज मागे घेतला. सकाळच्या गाडीने पोरगा ड्यूटीवर गेला.

मी दिवसभर कार्ड तपासत बसलो. घरी आई एकटी असते, तिचं कोण करतं, एवढं त्याला आधी विचारलं असतं तर तासाभरात सगळं मिटलं असतं. पुढे प्रत्येक चौकशीत मी हा प्रश्न आधी विचारू लागलो.

पुढच्या रविवारी मी आणि माझी बायको त्या माउलीला घेऊन पार्कात गेलो. खिडकीवरच्या मुलाने मला ओळखलं. "साहेब, पोलिसांनाही सवलत आहे. या कोण तुमच्या?" मी पैसे पूर्ण भरले. पण त्याने रजिस्टर पुढे केलंच होतं, तर नात्याच्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, 'आई'.