तेजा माझ्यापुढेच का बसतो?

चहा ओता, सांगतो. पण मध्ये हसायचं नाही. अख्खी सोसायटी हसून झालीये, आता तुमची भर नको!

मी सुकापूरला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे तळमजल्यावर हवालदार म्हात्रे भाड्याने राहतात. मूळचे चिरनेरचे, फौजेत कुत्र्यांच्या पथकात होते. माणूस इतका सरळ की लिफ्टमध्येसुद्धा सावधान उभा राहतो. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि या दिवाळीच्या आधी त्यांचा कुत्राही निवृत्त झाला. तेजा. काळाभोर लॅब्रॅडोर, तोंडावर पांढरे केस आलेले. रीतसर अर्ज करून म्हात्रे त्याला घरी घेऊन आले.

नेमका तेव्हाच त्यांचा भाडेकरार संपत आला होता. नव्या करारासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यावर सही कोणाची? माझी!

मी ताठ झालो. म्हटलं, "हवालदार, सरकारचा कुत्रा सरकारने सांभाळावा. तुम्ही कशाला ही उस्तवार करताय?"

"साहेब, सात वर्सं तो माज्या पुढं चालला न मी त्याच्या मागं. वाटेत काय पुरलेलं असंल ते आदी त्याला कळायचं. आज मी हाय तो त्याच्यामुलं. आता त्याला कोनाच्या दारात सोडू?" म्हात्रे शांतपणे म्हणाले. "तुमी नको म्हनालात तर रूम सोडतो. पन त्याला नाय सोडनार."

मी म्हटलं, रविवारी सभेत ठरवू. मनातून मात्र माझा नकारच होता. खरं सांगू का, मला कुत्र्यांची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी पनवेल बाजारातून आलो, स्कूटर लावली, हेल्मेट काढलं आणि बघतो तर समोर तेजा! म्हात्र्यांच्या हातातली दोरी ताणून आला, स्कूटर हुंगली आणि पटकन बसला. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. ताठ मान करून माझ्याकडे टक लावून बघत बसला.

"साहेब," म्हात्रे जरा चाचरत म्हणाले, "डिकीत काय हाय का?"

"सोसायटीचे कागद! दुसरं काय असणार?"

ते दोरी आवरू लागले. मी मात्र विरघळलो हो! सेक्रेटरी होऊन नऊ वर्षं झाली, पण मी आलो म्हणून कोणी असं अदबीने बसलेलं मला आठवत नाही. आमच्या सोसायटीत लोक मला बघून जिना बदलतात.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम स्कूटर पार मागे, पाण्याच्या टाकीजवळ लावली. तेजा तिथेही आला आणि बसला! मी बिस्कीट पुढे केलं. त्याने ढुंकून पाहिलं नाही. मनात म्हटलं, याला म्हणतात शिस्त! लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मुक्या जनावराला माणसाची पारख असते.' बायको म्हणाली, "अहो, तो सगळ्यांपुढे बसतो का, ते तरी बघा." मी म्हटलं, "तेच तर! फक्त माझ्यापुढे बसतो!"

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई तावातावाने उठल्या. "लहान मुलं खेळतात इथे. फौजेतला कुत्रा म्हणजे काय गंमत आहे?"

मी भाषणच ठोकलं. निष्ठा काय, देशसेवा काय! शेवटी म्हटलं, "बाई, आत्ता प्रात्यक्षिक बघा. हवालदार, सोडा त्याला!"

म्हात्रे कानाशी आले. "साहेब, नको. ऐका माजं."

"लाजताय कशाला? सोडा हो!"

तेजा निघाला. एकेक गाडी हुंगत, कुलकर्णीबाईंना वळसा घालून थेट माझ्या स्कूटरपाशी आला आणि बसला. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

"हवालदार," बाईंनी विचारलं, "हा असा का बसतो हो?"

म्हात्र्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. खोटं बोलणं त्या माणसाला येत नाही. "बाई, त्याला तसंच शिकवलंय. बारूद घावली का भुंकायचं नाय. गुपचूप समोर बसायचं."

बायकोने हात पुढे केला. "चावी."

डिकीतून निघालं काय? सुतळी बॉम्बची दोन पाकिटं आणि लवंगीची माळ! साडूच्या गावी नेऊन गुपचूप उडवायचे म्हणून घेतले होते. काय करणार, लहानपणापासूनचा शौक! आणि 'सोसायटीच्या आवारात फटाके आणण्यास सक्त मनाई' हा बोर्ड माझ्याच सहीने भिंतीवर लागलेला.

मी म्हात्र्यांवर उखडलो. "अहो, पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"सही तुमची हवी होती, साहेब," ते कळवळून म्हणाले. "कसा बोलू?"

सगळ्यात आधी कुलकर्णीबाईंनी हात वर केला. "तेजा राहू दे. या सोसायटीला त्याची फार गरज आहे!" मग भराभर हात वर गेले. माझाही गेला, आणि अगदी मनापासून. म्हात्रे खाली बसून त्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पडले तेव्हा माझेही डोळे भरून आले हो. लाज वाटत होती ती वेगळी.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझंच. बाई शेजारी बसून शब्द न् शब्द सांगत होत्या. 'ठराव एक : तेजास कायम वास्तव्याची परवानगी. ठराव दोन : सेक्रेटरींची डिकी दर रविवारी तेजाकडून तपासून घ्यावी. सूचक : सेक्रेटरींची पत्नी. एकमताने मंजूर.'

आणि खाली सही माझी. शिक्क्यासकट!