गच्चीवरची खोली, लाईट-पाण्यासकट
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला, की मला धुळ्यातली आमची गच्चीवरची भाड्याची खोली आठवते. लाईट-पाणी भाड्यातच होतं, म्हणून तर मे महिन्यातही दिवसा पंखा लावायचा मला संकोच वाटायचा. मला सातवा महिना होता. ओला टॉवेल अंगावर घेऊन मी फरशीवर पडून राहायचे. एका दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला घरमालकीण अक्का आल्या आणि त्यांनी मला तसं पाहिलं. "पंखा बंद काबर शे व माय? लाईट भाडामाच शे ना!" असं खेकसून त्यांनी बटण दाबलं. संध्याकाळी त्यांच्या घरातला एकुलता एक कूलर माझ्या खिडकीत होता. आता माझ्या स्वतःच्या घराच्या वरच्या खोलीत एक भाडेकरीण राहते. दुपारी पंख्याची घरघर ऐकू आली नाही, की मी जिना चढते.