कमरेची सुपारी

फोन अनोळखी नंबरवरून आला. नारायणगावला माझ्या दुकानात मी मशीनवर ब्लाउजची बाही जोडत होते, म्हणून जरा वाजू दिला. "ताई, एसटीचा कंडक्टर बोलतोय." माणूस अगदी हळू बोलत होता. "भीमाशंकर गाडी. शिनोलीला हाय आमी. एक पावणं खिडकीला डोकं लावून झोपल्यात असं वाटलं… पर ते उठंनात. त्यांच्या मोबाईलवर शेवटचा नंबर तुमचा व्हता." माझ्या तोंडून भलतंच निघालं, "त्यांचा हात कमरेवर आहे का?" तो गोंधळला. "व्हय… डावा हात. तुमाला कसं कळालं?" मला नाही कळणार तर कुणाला? तो माझा दिगूमामा होता, आईचा धाकटा भाऊ. गाडीत बसला की त्याचा हात तिथंच असायचा.

पिंपळवंडीला दिगूमामा आणि थोरले दादामामा एकत्र शेती करायचे. कांदा काढून साठवणीच्या बराखीत पडला, की दिगूमामा खुंटीवरची खाकी पिशवी काढायचा आणि निघायचा. एकटा. दादामामा उभ्या जन्मात जुन्नरच्या बाजारापलीकडे गेले नाहीत, आणि ह्याला समुद्र, वाळवंट, बर्फ, काही वर्ज्य नव्हतं. तरुणपणी स्थळं यायची, तेव्हा तर मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशीच स्वारी पसार. आजी कपाळाला हात लावायची. "पायाला भिंगरी लागलीय मुडद्याच्या," म्हणायची, आणि परत आला की त्यालाच पहिली भाकरी वाढायची.

सुपारी आली ती माझ्या लग्नात. माझे वडील आधीच गेलेले, त्यामुळे कन्यादान दिगूमामानं करावं असं आईनं ठरवलं. थोरल्याला सोडून धाकट्याला मान का, यावरून दादामामा जरा धुसफुसले, पण आईपुढं कुणाचं चालतंय! गुरुजी बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, "यजमानीणबाई?" दिगूमामा म्हणाला, "न्हाईत." गुरुजींना वाटलं, वारल्या. विधुर माणूस पूजेला बसला, की बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचतात. गुरुजींनी चुकचुकत त्याच्या हातात सुपारी ठेवली. "खोचा कमरेला." मांडवात खसखस पिकली. बिनलग्नाचा गडी विधुर झाला! कुणीतरी सांगायला उठलंही, पण दादामामांनी हात केला, "ऱ्हाऊ द्या आता, मुहूर्त टळंल." दिगूमामानं मात्र हसू न आणता ती सुपारी धोतराच्या निऱ्यांशी खोचली आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडं असं काही बघितलं, की मुंडावळ्यांतून ते बघताना माझं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी सुपाऱ्या गोळा करून ठेवतात. त्यानं ती दिली नाही. रुमालाच्या टोकाला गाठ मारून कमरेला ठेवली, ती कायमची. पुढं माहेरपणाला पिंपळवंडीला गेले होते, तेव्हा ओट्यावर बसून लसूण सोलता सोलता विचारलं, "मामा, ती सुपारी टाकत का नाहीस रे?" त्यानं हातातली पाकळी मोडली. मग म्हणाला, "मने, टीव्हीवर ते गे म्हणत्यात बघ… तसला हाय मी. पयल्यापासून. बाईची ओढच न्हाई मला. कुठल्या पोरीच्या जल्माचं कशाला वाटोळं करू?" मी सुरी खाली ठेवली. "मग?" म्हटलं. "मग काय? च्या ठेव," म्हणाला. मी उठले, चहा ठेवला, आणि चुलीपाशी मला रडू आलं. माझ्या हसतमुख मामानं एवढं सगळं इतकी वर्षं एकट्यानं वाहिलं, याचा मला राग आला होता. कुणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर तो परत आला की मला सगळं सांगायचा, आणि ऐकताना माझं दुकान, गिऱ्हाईकं, पावसाळी उजेड, सगळं पुसट होत जायचं… सांगायचा, "गावात इचारत्यात, लगीन का न्हाई केलं? भाईर इचारत्यात, एकटंच का पावणं? पयल्या सवालाला उत्तर न्हाई. दुसऱ्याला हाय. मी म्हंतो, जोडीनं हाय, आन कमरेवर हात ठिवतो." सगळीकडं ते चालायचं असं नाही. राजस्थानात एका लॉजवाल्यानं "अकेले आदमी को रूम नहीं देते" म्हणून हाकललं. एकदा गाडीत त्याच्या चालण्याबोलण्यावरून टोळक्यानं इतकं छळलं, की मधल्याच स्टेशनावर उतरला. ते सांगताना तो भिंतीकडं बघायचा.

पण एका समुद्रकाठच्या गावाबद्दल बोलताना त्याचा आवाजच बदलायचा. वाळूवर बसला होता. परमुलखातला एक माणूस शेजारी येऊन बसला. भाषा कळेना, ना याची त्याला, ना त्याची याला. बोटी परत येईपर्यंत दोघं बघत राहिले, आणि त्या माणसानं याच्या हातावर हात ठेवला… सगळ्यांच्या देखत. "कुणी बघितलंबी न्हाई मने. पोरं पतंग उडवीत व्हती. मला तिथं कुणी वळखत नव्हतं." नाव विचारलंस का, म्हटलं. "न्हाई. इचारलं असतं तर निघवलं नसतं."

आणि भीमाशंकरच्या डोंगरातली ती म्हातारी! भाताच्या खाचराच्या कडंला तिचं घर. धुकं उतरलेलं, वाट दिसेना, म्हणून मामा तिच्याकडं टेकला. "एकटंच आलं पावणं?" "जोडीनं हाय, आजी." म्हातारी दारात जाऊन धुक्यात बघायला लागली, दुसरं कोण येतंय. मामानं सुपारी दाखवली. ती हसली नाही. त्याला भात वाढला आणि सुपारीपुढंही चार शितं ठेवली. "पावण्यासंगट आलंय, उपाशी कसं ठिवावं?" म्हणाली. दर वर्षी तो तिकडं जायचा तो त्यासाठीच. शेवटच्या दिवशीही तिकडंच चालला होता.

त्याला अंगणात आणून ठेवलं, तेव्हा दादामामांच्या हातात रुईची फांदी होती. आमच्याकडं बिनलग्नाचा माणूस गेला, की जाळण्याआधी त्याचं रुईशी लग्न लावतात. हळद कालवून झाली होती. जन्मभर ज्याला नाही म्हणत हा माणूस गावोगाव फिरला, तेच आता, त्याला तोंड उघडता येत नाही तेव्हा, त्याच्या गळ्यात बांधणार? "थांबा," मी म्हटलं. "मामाचं लग्न झालंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रुमालाची गाठ सोडली आणि सुपारी तळहातावर धरली. "माझ्या मांडवात. तुमच्यासमोर. मुहूर्त टळंल म्हणून तुम्हीच सगळ्यांना गप्प बसवलंत ना? मग आता का हरकत?"

दादामामांनी फांदी खाली ठेवली नाही. "अगं पोरी, तसा गेला तर मुंजा व्हईल त्यो. फिरत ऱ्हाईल."

"फिरू दे की मामा! दुसरं काय केलं त्यानं?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. अगदी हळू विचारलं, "खरं सांग. कोण व्हतं त्याचं?"

"कुणी होऊ दिलं का आपण? म्हणून तर सुपारी."

ते परत मामापाशी आले. मग फांदी कुंपणापलीकडं टाकली, माझ्या हातातून सुपारी घेतली आणि वाकून आपल्या हातानं धाकट्या भावाच्या कमरेला खोचली. "चला," म्हणाले. दिगूमामा जोडीनं गेला.

हे लिहू का, असं मी त्याला मागंच विचारलं होतं. "मी गेल्यावर लिव्ह," म्हणाला होता. "मग कोण धरतंय मला!"

तेराव्याला मी दादामामांना डोंगरातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली होती. परवा पिंपळवंडीला गेले. गाडीतून परत आलेली त्याची पिशवी खुंटीवर नव्हती. मामी म्हणाली, "ह्यांनी नेली. त्या म्हातारीला सांगायला गेलेत डोंगरात. जल्मात कधी गेलं न्हाईत, आन एकलंच निघालं बघ." मी लगेच फोन लावला. मागं एसटीची खडखड ऐकू येत होती.

"दादामामा, एकटेच निघालात?"

"एकला कसला?" ते म्हणाले. "जोडीनं हाय की."