बाकाची उजवी बाजू

स्वतःशीच भांडून स्वतःच हरणारी माणसं रायपुरात पुष्कळ असतील, पण हा सगळा कार्यक्रम फ्रेंचमध्ये करणारी एकच, माझी मावसबहीण. मी मावशीकडेच राहतो, तिला ताई म्हणतो. गुढियारीला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, आणि घरी बसून फ्रेंचमध्ये एम.ए.! "काहून?" असं मावशीनं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "आवडते म्हणून." विषय संपला, मावशीचा छळ सुरू झाला. संस्कृतीच्या पेपरापायी घरात महिनाभर जेवण फ्रेंच पद्धतीनं, एकेक पदार्थ करत दोन-दोन तास. आधी नुसती कोशिंबीर, मग नुसतं वरण, आणि भात येईस्तोवर मी अर्धमेला. "पोट्टे, जेवून राहिली का नाटक करून राहिली?" मावशी करवादे. साहित्याच्या पेपराला तर कहरच झाला. कादंबरीतली नायिका मेली म्हणून बाईसाहेब ऑफिसात ढसाढसा रडल्या. हमालांना वाटलं, घरचंच कोणी गेलं. संध्याकाळी बिचारे माना खाली घालून मावशीच्या दारात हजर! ताईनं त्यांना सगळी कथा सांगितली, तर तेही हळहळले आणि चहा पिऊन गेले.

लेखी पेपर असे हसतखेळत निघाले. घोडं अडलं ते तोंडी परीक्षेत. प्रश्न कळे, उत्तर येई, पण तोंड म्हणून उघडत नसे. दोनदा नापास झाली. तिसरी संधी शेवटची, ती हुकली की एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. आणि सराव करायचा कोणाशी? आमच्या बुढापारा मोहल्ल्यात फ्रेंच बोलणारं आहेच कोण? मग ताईनं तोड काढली. रोज संध्याकाळी बुढा तालाबाच्या काठी एका बाकावर ती डावीकडे बसून परीक्षकाच्या खेकसत्या आवाजात प्रश्न विचारी, उठे, उजवीकडे बसे आणि उत्तर देई. मी शेजारी तिची पर्स सांभाळत उभा. "भैया, दीदी ठीक तो हैं न?" चणेवाला हळूच विचारी. "हव, एम.ए. कर रही हैं," मी म्हणे. परतताना ताई कुरकुरे, "आज त्या मेल्यानं मले लय पिडलं." हा मेला म्हणजे तीच, डावीकडची!

परीक्षा घरीच, लॅपटॉपवर होती. मी कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या बाहेर. परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि ताई गप्प. त्यांनी पुन्हा विचारला, तर ती नुसती उजवीकडे बघायला लागली. काय सुचलं देव जाणे, मी दुसरी खुर्ची तिच्या उजवीकडे सरकवली. ताई टुणकन त्या खुर्चीवर जाऊन बसली आणि जी सुटली, विचारू नका! पडद्यावर रिकामी खुर्ची आणि बाजूनं धो धो फ्रेंच. पुढचा प्रश्न ऐकायला पुन्हा डावीकडे, उत्तराला उजवीकडे. बाई हसून हसून बेजार. शेवटी त्या काहीतरी म्हणाल्या आणि ताईनं तोंडावर हातच धरले.

"काय म्हणाल्या वं?"

"तुमची खुर्ची फार छान बोलते म्हणे. पास केलं मले!"

दाराआड कान लावून बसलेली मावशी धावत आली आणि तिला कवटाळून आधी भरपूर रडली, मग तिनं पेढे आणायला मला पिटाळलं.

आता ताईनं नागपूरला बदली घेतली आहे. संध्याकाळी पोरांना फ्रेंच शिकवते. भांडायला खरी माणसं मिळाली, मजेत आहे. मला मात्र तिच्यावाचून करमत नाही. मी तालाबावर जातो, सवयीनं चण्याच्या दोन पुड्या घेतो आणि बाकावर डावीकडे बसतो. कोणी उजवीकडे टेकायला आलं की माझ्या तोंडून निघून जातं, "भैया, यहाँ दीदी बैठती हैं."